हुतात्मा चौकात लोकांना थांबू द्या

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. सहायक आयुक्त, ए विभाग

सन्माननीय महोदय,

मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि हुतात्मा चौकाचं नाव स्टेशनाच्या पाटीवर लागलं. त्या कामासाठी दादाभाई नौरोजी मार्गावर वर्षानुवर्षं पत्रे उभे होते. आता प्रश्न असा, की खणलेला रस्ता पुन्हा आधीसारखाच करून टाकायचा, की या निमित्ताने चौकाचा नव्याने विचार करायचा? तो निर्णय आपला आहे. माझी विनंती अशी, की कारंजं, हुतात्मा स्मारक आणि त्यांच्या भोवतीची जागा मिळून एक सलग पटांगण करावं. त्याला कुंपण नसावं, कुलूप नसावं आणि तिथे कुणालाही काही विकत न घेता बसता यावं.

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी करते. सीएसएमटीला उतरून दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून चालत जाणाऱ्या लोंढ्यातली मी एक. या भागात माझं घर नाही, दुकान नाही. पण दिवसाचा जागेपणीचा बराचसा वेळ इथेच जातो, आणि इथे येणाऱ्यांत माझ्यासारखेच जास्त. कुठल्याही आराखड्याच्या वेळी रहिवाशांना बोलावतात, व्यापाऱ्यांना विचारतात, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय मागवतात. रोज उपनगरांतून पायी येणाऱ्या नोकरदाराला विचारायची पद्धत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

ही जागा मोकळी झाली तीच मुळी तट पाडल्यामुळे. मुंबईच्या किल्ल्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट उतरवला गेला आणि चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोराचं कारंजं आलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडातला पोर्टलँडचा. पुढे ट्राम आल्या, आधी घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम धावली. काही वर्षांपूर्वी इथल्या खोदकामात त्या रुळांचे तुकडे निघाले, तेव्हा आमच्या ऑफिसातली मंडळी डबा अर्धा टाकून बघायला गेली होती. आपण रोज ज्या डांबरावरून जातो त्याच्याखाली एवढं काही आहे, याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं होतं.

महाराष्ट्राला मात्र हा चौक माहीत आहे तो २१ नोव्हेंबर १९५५ मुळे. त्या दिवशी जमावबंदी असताना कामगार इथे जमले. एक मोर्चा चर्चगेटकडून आला, दुसरा बोरीबंदरकडून. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, एवढीच मागणी. पोलिसांनी आधी लाठ्या चालवल्या, मग गोळ्या. पुढे मुंबईत आणि तिकडे बेळगाव-निपाणीकडेही माणसं पडत राहिली आणि हुतात्म्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. १ मे १९६० ला राज्य झालं. चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक उभं राहिलं.

माझ्या घरातलं कुणी त्या मोर्चात नव्हतं, आम्ही मुंबईत नंतर आलो. पण ती माणसं ज्या दोन बाजूंनी आली, त्याच दोन बाजूंनी आजही रोज सकाळी नोकरदार येतो. पश्चिम रेल्वेचा चर्चगेटहून आणि मध्य रेल्वेचा सीएसएमटीहून, दोन्हीकडून दहा-पंधरा मिनिटांची चाल. दोन टर्मिनसच्या मधोमध, पोटात मेट्रोचं स्टेशन, एका हाताला हायकोर्ट आणि विद्यापीठ, दुसऱ्या हाताला बँका आणि बाजारपेठ, असा दुसरा चौक मला तरी मुंबईत माहीत नाही. आणि जमावबंदी मोडून जिथे लोक ठाम उभे राहिले, तिथे आज दोन मिनिटं उभं राहायचं म्हटलं तर जागा शोधावी लागते.

सकाळी साडेनऊला एकदा स्वतः येऊन पाहा, ही विनंती. गाडीतून नको, पायी. दादाभाई नौरोजींच्या पुतळ्याच्या बाजूने स्मारकाकडे जायला निघा. सिग्नल पादचाऱ्याचा झाला तरी वळणाऱ्या टॅक्सीला थांबायचं नसतं. वयस्कर माणूस अर्ध्यात पोचेपर्यंत दिवा बदलतो आणि तो मधल्या पट्टीवर अडकतो, पुढून बस, मागून मोटारसायकली. कसंबसं पलीकडे गेलात तर समोर कठडा. स्मारक कठड्याच्या आत, कारंजंही राखलेलं. बघा आणि पुढे चला, असाच सगळा मांड आहे.

आमच्या ऑफिसात कोकणातून एक वयस्कर जोडपं जमिनीच्या दाव्यासाठी येतं. कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला उतरतात. ऑफिस उघडतं दहाला, हायकोर्टाचं कामकाज त्यानंतर. मधले चार-साडेचार तास काढायचे कुठे? मागच्या खेपेला मी लवकर पोचले तर दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले, मध्ये कापडी पिशवी, पिशवीत दाव्याचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. दुकान उघडायची वेळ झाली तसं वॉचमनने उठवलं. त्याचाही दोष नाही, मालकाने सांगितलेलं तो करतो. मग ते दोघं खांबाला टेकून उभे राहिले. आजोबांचे गुडघे धरलेले होते. मी म्हटलं, “स्टेशनात वेटिंग रूम आहे, तिथे बसायचं ना.” आजी म्हणाल्या, “कोर्टाच्या जवळ असलेलं बरं गो, नंबर चुकायचा.”

हायकोर्टात राज्याच्या कानाकोपऱ्यातून अशी माणसं येतात. विद्यापीठात कागदपत्रांसाठी मुलं येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे आईवडील. बँकेत निवृत्तिवेतनाच्या कामाला म्हातारी माणसं येतात. यांच्यासाठी फोर्टात बसायची जागा म्हणजे हॉटेल, आणि तिथे चहा संपला की उठावं लागतं. हॉर्निमन सर्कलची बाग आहे, सुंदर आहे, पण ती बाग आहे आणि तिला फाटकाच्या वेळा आहेत. ओव्हलला खेळ चालू असतात. चौकात बसणं ही वेगळी गोष्ट. तिथे माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर असतो, कुणाची वाट पाहू शकतो, कुणी ओळखीचं भेटू शकतं.

जागा नाही, असं आपले अधिकारी म्हणतील. थोडा हिशेब मांडते. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, हा आकडा आपल्याच विकास आराखड्याच्या चर्चेत अनेकदा येऊन गेला आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर असावी असं म्हटलेलं आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दहा मुंबईकरांच्या वाट्याची मोकळी जागा एक गाडी सकाळी अडवते आणि संध्याकाळी मालक येईपर्यंत अडवून ठेवते. चौकाभोवतीच्या रस्त्यांच्या कडेला अशा किती गाड्या उभ्या असतात ते आपला कर्मचारी एका फेरीत मोजून येईल. जागा आहे. ती कुणाला द्यायची एवढंच ठरवायचं आहे.

वाहतुकीच्या मोजणीबद्दलही एक सांगायचं आहे. रस्त्याचा अभ्यास होतो तेव्हा गाडी हे माप धरतात. बस म्हणजे दोन-तीन गाड्या, मोटारसायकल म्हणजे अर्धी गाडी, असं ते गणित. बसमधली पन्नास माणसं त्या गणितात दिसत नाहीत आणि पायी चालणारा तर धरलाच जात नाही. एमएमआरडीएच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगरातले निम्मे प्रवास पायी होतात असं निघालं होतं. तेव्हा या चौकाची मोजणी कराल त्या वेळी माणसं मोजा. सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांत किती माणसं पायी गेली, किती बसमधून आणि किती मोटारीतून, हे तीन आकडे शेजारीशेजारी लिहा आणि मग रस्त्याची रुंदी ठरवा.

माझ्या मते बेस्टची वाट अजिबात बंद करू नये. कुलाब्याला, नरिमन पॉइंटला जाणारा नोकरदार बसवर आणि शेअर टॅक्सीवर अवलंबून आहे. त्याला वळसा घालायला लावून बाकीच्यांसाठी चौक सजवला तर तो अन्याय होईल. चौकाच्या एका बाजूचा रस्ता वाहनांसाठी बंद करून तो फुटपाथाला जोडावा आणि दुसऱ्या बाजूने बस आणि बाकीची वाहतूक सावकाश जाऊ द्यावी. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाची उत्तरेकडची बाजू २००३ मध्ये अशीच बंद केली आणि समोरच्या कलादालनापासून चौकापर्यंत सलग पायऱ्या झाल्या. इथे कोणती बाजू ते मोजणीनंतर आपल्या अभियंत्यांनी ठरवावं. जो रस्ता उरेल तिथे क्रॉसिंग फुटपाथाच्या पातळीला उचलून घ्यावं, म्हणजे चाकाची खुर्ची, हातगाडी, सामानाची बॅग सरळ जाईल आणि गाडीला आपसूक वेग कमी करावा लागेल. कृपा करून भुयारी मार्ग सुचवू नका. सीएसएमटीला आम्ही रोज उतरतो-चढतो. रस्ता गाडीला सपाट आणि जिने म्हातारीला, ही वाटणी पुन्हा नको.

आता कठड्याबद्दल. स्मारकाचं पावित्र्य राखायला तो हवा असं म्हणणारे आहेत आणि त्यांची भावना खरी आहे. तिथे कुणी थुंकेल, पथाऱ्या पसरेल, पोस्टर चिकटवेल ही भीती मलाही वाटते. पण या शहराला याचं उत्तर फार पूर्वीच सापडलं आहे. शिवाजी पार्कला कट्टा आहे. बेताच्या उंचीची भिंत, एवढंच तिचं रूप. तिने मैदानाची हद्द सांगितली, आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या माणसं बसली. सकाळी फिरायला आलेले आजोबा, क्लासमधून सुटलेली मुलं, भांडण मिटवायला बसलेली जोडपी. ज्या जागेवर सतत माणसं बसलेली असतात तिथे घाण करायला माणूस बिचकतो. हुतात्मा चौकाला लोखंडी कठड्याऐवजी काळ्या दगडाचा दीड फूट उंच, पसरट कट्टा घाला. गाडी त्यावर चढणार नाही, माणूस त्यावर बसेल. स्मारकाच्या चौथऱ्याला चप्पल घालून जाऊ नये असं वाटत असेल तर तेवढ्यापुरती एक पायरी आणि एक पाटी पुरे. आपले लोक देवळाबाहेर न सांगता चप्पल काढतात, इथेही काढतील.

आणि हुतात्म्यांची नावं त्या कट्ट्याच्या आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाला वाचता येतील अशी, मोठ्या मराठी अक्षरांत कोरा. कोण होता, कुठला होता, कुठे आणि कोणत्या तारखेला पडला, एवढं तरी. १ मे आणि २१ नोव्हेंबरला पुष्पचक्रं येतात, बंदोबस्त लागतो, मंत्री येऊन जातात. बाकीच्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलींना विचारलं, की हे कोण, तर मशालवाला पुतळा एवढंच सांगता येतं. त्यांचा यात दोष नाही. त्यांना तिथे थांबून वाचायची सोय कुणी केली?

सावलीचा विचार दगडाच्या आधी व्हावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार उघड्या फरसबंदीवर कुणी बसत नाही. नकाशात कितीही छान दिसलं तरी ते पटांगण ओसच पडणार. स्मारक आणि कारंज्याचं दर्शन न अडवता कडेने मोठी होणारी देशी झाडं लावा आणि त्यांच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा, काँक्रीटने गळा आवळू नका. कुंड्या नकोत, त्या पहिल्या वर्षी हिरव्या असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांत चहाचे कप असतात. पावसाळ्यासाठी फरशी खरखरीत घ्या. गुळगुळीत ग्रॅनाइटवर जुलैत माणसं कशी घसरतात ते फोर्टातल्या कितीतरी इमारतींच्या दारात दिसतं. दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानी बांधणाऱ्यांना ऊन-पाऊस कळत होता, म्हणून आजही पावसात आम्ही तिथून कोरडे जातो. त्या कमानी आणि चौक यांच्यामध्ये फार उघडं अंतर राहणार नाही असं बघा.

पिण्याचं पाणी हवं. या फोर्टात दानशूरांनी बांधलेल्या प्याऊंची मोठी परंपरा आहे, त्यांतल्या काही अलीकडे दुरुस्तही झाल्या. चौकात पाण्याचं कारंजं आहे आणि तहानलेल्याला बाटली विकत घ्यावी लागते, हे बरं दिसत नाही. आणि बायकांसाठी स्वच्छ, दिवसभर उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. मुंबईतल्या बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली तरी अजून आम्ही ऑफिसातून निघताना पाणी कमी पितो. यावर जास्त लिहीत नाही. आपल्या कार्यालयातल्या कुठल्याही महिला कर्मचाऱ्याला विचारा.

पुस्तकवाल्यांबद्दल मात्र जरा सविस्तर. तारघराच्या बाजूला, वीर नरिमन मार्गाच्या झाडांखाली जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लावून बसणारे विक्रेते ही या चौकाची ओळख आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला अर्ध्या किमतीत टीकाग्रंथ इथे मिळतो, माझ्या मुलीची बारावीची पुस्तकं इथलीच. त्यांना पूर्वी उठवलं गेलं आहे, पुन्हा बसले, पुन्हा कमी झाले. चौक नवा करताना सगळ्यांत आधी अशा लोकांना हलवतात आणि मग उद्घाटनानंतर तिथे भाड्याचे चकचकीत स्टॉल येतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांना संरक्षण देतो. त्यांची जागा आराखड्यातच आखा, पावसाळ्यात पुस्तकं भिजणार नाहीत असं छत द्या, आणि ती जागा त्यांच्याच नावाने राहील हे लिहून द्या. चहावाला, वडापाववाला यांचंही तसंच. ठरलेल्या जागी, ठरलेल्या संख्येने, कचऱ्याच्या डब्यासह.

सुशोभीकरण या नावाने जे केलं जातं ते इथे करू नका, ही कळकळीची विनंती. रंग बदलणारे दिवे, ‘आय लव्ह’ची अक्षरं, सेल्फी पॉइंट, प्रायोजकाच्या नावाचा फलक यांतलं काही नको. आपल्याच महापालिकेने या कारंज्याचं काम किती संयमाने केलं होतं ते आम्ही पाहिलं आहे. वर्षानुवर्षं चढलेले पांढऱ्या ऑइल पेंटचे थर उतरवून मूळ दगड मोकळा केला आणि जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा सुरू झालं. काही भर न घालता, नको ते काढून टाकून केलेलं ते काम होतं. चौकालाही तोच हात लागावा. पहिल्या श्रेणीचा वारसा आहे, जवळच हायकोर्ट आणि विद्यापीठ हे २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, तेव्हा हेरिटेज समितीसमोर आराखडा जाईलच. पण समिती दगड बघेल. बसणारा माणूस आपण बघायचा आहे.

रस्ता बंद केला तर फोर्ट ठप्प होईल, हा आक्षेप येणार. दर फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवासाठी शेजारचा के. दुभाष मार्ग नऊ दिवस गाड्यांना बंद असतो, १९९९ पासून. जानेवारीत मॅरेथॉनसाठी याच भागातले रस्ते बंद होतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो आणि व्यापारीही त्यात उतरतात. दिल्लीत चांदनी चौक २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे. तिथून एक धडा मात्र घ्यायला हवा: पुढे बंदी ढिली पडली, देखभाल मागे पडली अशा तक्रारी झाल्या. म्हणून आराखड्याबरोबरच त्याच्या देखभालीचे पैसे, झाडणारे कामगार आणि जबाबदार अधिकारी ठरवून द्या. फीत कापल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात चौक कसा दिसेल, याचा विचार आधी व्हायला हवा.

रात्री इथे बेघर लोक झोपतील, असंही कुणी म्हणेल. झोपतात, आजही कमानींखाली झोपतात. त्यांच्यासाठी रात्रनिवारे बांधणं हे महापालिकेचं वेगळं कर्तव्य आहे. ते पार पाडलं नाही म्हणून बाकांना मधोमध लोखंडी दांडे लावून कुणालाच नीट बसू न देणं, हा उपाय धरू नये.

लगेच दगड बसवायची घाई करू नका. आधी महिनाभर दर रविवारी आणि मग एक पूर्ण आठवडा, कामाचे दिवस धरून, चौकाची एक बाजू साध्या बॅरिकेडने बंद करा. खुर्च्या ठेवा, ताडपत्रीची सावली करा, पाण्याचे पिंप ठेवा. बस किती खोळंबते, लोक कुठे बसतात, कुठून रस्ता ओलांडतात हे लिहून काढा. त्यावरून आराखडा करा, आणि तो फक्त वेबसाइटवर इंग्रजीत टाकून तीस दिवसांत हरकती मागवू नका. चौकातच मोठ्या फलकावर, मराठीत, नकाशासह लावा. शेजारी टेबल टाकून एक माणूस बसवा, लोकांचं म्हणणं लिहून घेणारा, आणि तो ऑफिस सुटायच्या वेळी, संध्याकाळी सहा ते आठ, तिथे असू द्या. त्या टेबलापाशी रांगेत उभं राहायची आमची तयारी आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
फोर्टात नोकरी करणारी एक डोंबिवलीकर